बिडाचा रेडिएटर गळतोय? आधी फडकं घ्या, पाना नंतर

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की थंडी सुरू व्हायच्या आत बॉयलरच्या वाफेने किंवा गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या जुन्या रेडिएटरखालून एकदा कोरडा हात फिरवून बघा, ओला लागला तर कळवा. बहुतेक सगळ्यांचे हात ओलेच लागलेले दिसतायत, कारण पत्रांचा ढीग आलाय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, चार-पाच निवडलीत. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी मूळचा कोल्हापूरचा, सुरुवातीची वर्षं फाउंड्रीत गेली आणि नंतरची सगळी इकडे अमेरिकेत लोकांच्या तळघरात बॉयलरपुढे उकिडवं बसण्यात. त्यामुळे बिडाशी नातं जुनं आहे. (बीड म्हणजे ओतीव लोखंड हो, तव्याचं असतं ते. जिल्हा नव्हे.)

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही बॉस्टनजवळ सॉमरव्हिलला तीन मजली लाकडी घरातला मधला मजला घेतलाय, घर १९१० च्या आसपासचं आहे. हॉलमधल्या रेडिएटरखाली रोज सकाळी वाटीभर पाणी साठतं. कॉन्ट्रॅक्टर आला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला की रेडिएटर मेलाय, सगळेच काढा, नाहीतर स्टीम बंद करून याच रेडिएटरमधून गरम पाणी फिरवा. नवरा म्हणतो कशाला पैसे घालवायचे, मी व्हिडिओ बघून करतो. मला दोघांचीही भीती वाटतेय.

उत्तर : ताई, दोघांची भीती वाटते हे उत्तम लक्षण आहे. दोन मिनिटांत रेडिएटर मेला हे मला तरी कधी कळलेलं नाही. शंभर वर्षं जुना बिडाचा रेडिएटर गळतोय असं जेव्हा लोक सांगतात तेव्हा बहुतेक वेळा रेडिएटर ठणठणीत असतो आणि गळत असतो तो त्याला जोडलेला व्हॉल्व्ह, नाहीतर मधला युनियन नट (व्हॉल्व्ह आणि रेडिएटर जोडणारा), नाहीतर हवा सोडायचा व्हेंट. पाणी तिथून निघतं, लोखंडावरून ओघळत खाली येतं आणि पायाशी थेंब होऊन पडतं, मग आपल्याला वाटतं पायच फुटला.

तर आधी हीटिंग बंद करून रेडिएटर पूर्ण गार होऊ द्या, फडक्याने सगळं कोरडं करा, आणि प्रत्येक जोडाला टॉयलेट पेपरची एकेक पट्टी गुंडाळा. व्हॉल्व्हच्या दांड्याला, त्याच्या खालच्या नटला, युनियनला, व्हेंटला, आणि दोन पाकळ्यांच्या (रेडिएटरचे शेजारीशेजारी जोडलेले उभे पोकळ भाग) मध्ये वर-खाली. मग हीटिंग चालू करा आणि चहा घेऊन समोर बसा. सगळ्यात वर जी पट्टी ओली होईल तिथे गळतंय, खालच्या ओल्या झाल्या तरी त्या फक्त साक्षीदार. घाई करू नका, एखादा जोड तापल्यावर गळतो आणि एखादा गार झाल्यावर, म्हणून दोन्ही वेळा बघायचं.

व्हॉल्व्हच्या मुठीखाली एक षटकोनी नट असतो, त्याच्या आत दांड्याभोवती पॅकिंग असतं, आपल्याकडे पंपाला ग्लँड-डोरी भरतात ना तसंच. पाणी मुठीखालून येत असेल तर हा नट पाऊण नाही, अर्धा नाही, एक अष्टमांश फेरा आवळायचा. थांबलं तर झालं काम. नाही थांबलं तर आतलं पॅकिंग वाळून कोळसा झालंय, बॉयलर बंद करून गार झाल्यावर नट उघडा, जुनं खरवडून काढा आणि ग्रॅफाइटची दोरी दोन-तीन वेढे भरून परत आवळा. तुमची स्टीम आहे म्हणून हे सोपं आहे, बॉयलर बंद म्हणजे आत दाब नाहीच. गरम पाण्याची सिस्टीम असणाऱ्यांनी मात्र हे वाचून नट उघडायला जाऊ नये, तिथे बॉयलर बंद असला तरी पाइप भरलेले आणि दाबाखाली असतात, आधी त्या पातळीच्या खालपर्यंत पाणी काढावं लागतं, नाहीतर काळं पाणी थेट छताला.

युनियन गळत असेल तर दोन पाने घ्या, एकाने व्हॉल्व्ह धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकच पाना लावला की सगळा जोर जमिनीतून येणाऱ्या जुन्या पाइपवर जातो आणि मग गळती खालच्या मजल्याच्या छतात. आणि युनियनच्या तोंडाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, सूत-सफेदा पण नाही. तिथे पितळ पितळेवर घासून बसतं, मध्ये काही घातलं की उलट बसत नाही. टेप फक्त आट्यांना. बऱ्याचदा नटाचा दोषच नसतो, लाकडी जमीन शंभर वर्षांत खचलेली असते, रेडिएटर तिच्याबरोबर खाली गेलाय आणि पाइप आपल्या जागी आहे, म्हणून तोंडं तिरकी झालीत. अशा वेळी रेडिएटर पहारीने अलगद उचलून पायाखाली लाकडाची पातळ चकती सरकवली की नट आपोआप नीट बसतो.

आता कॉन्ट्रॅक्टरचा दुसरा सल्ला, स्टीमच्या रेडिएटरमधून गरम पाणी. घरगुती स्टीम कशी असते, दोन पीएसआयच्याही (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) खाली चालते. गरम पाण्याची सिस्टीम गार असतानाच बारा-पंधरा पीएसआयवर भरलेली असते. म्हणजे शंभर वर्षं ज्या जोडांनी फुंकर सहन केली त्यांच्यावर एकदम सहा-आठ पट दाब, मग जे आजवर गळत नव्हते ते पण गळायला लागतात. शिवाय खूप जुन्या स्टीम रेडिएटरच्या पाकळ्या फक्त खालून जोडलेल्या असतात, वरून नाही. तुमचे तसे असतील तर त्यात पाणी भरलं की प्रत्येक पाकळीच्या डोक्यात हवा अडकणार आणि ती काढायला वाटच नाही. त्या गृहस्थांना विचारा की वर जोड आहेत का ते बघितलंत का. उत्तर देताना ते कुठे बघतात तेही बघा.

नवऱ्याला पॅकिंग नट आवळू द्या, बाकी नको.

प्रश्न : आमच्या रेडिएटरच्या (गरम पाणी, न्यू जर्सी) दोन पाकळ्यांच्या मधून अगदी बारीक पाझरतंय, आणि शेजारच्या खोलीतल्या एकाला खालच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र आहे. पुण्याहून येताना एम-सील आणलं होतं ते लावलं, चार दिवस टिकलं. आता जेबी वेल्ड (इथलं धातू चिकटवायचं इपॉक्सी) लावू का? की वेल्डिंगवाल्याला बोलवू?

उत्तर : एम-सील न आणणारा मराठी माणूस मी अजून पाहिला नाही, माझ्याही बॅगेत असायचं. पण ते गच्चीवरच्या टाकीला. इथे रोज तापणार, गार होणार, लोखंड फुगणार, आकसणार, आणि आतून दाब आहे, ओल्या गंजावर लावलेलं काहीही अशा ठिकाणी टिकत नाही. खरं सांगायचं तर लावलेल्या वस्तूची चूक कमी आणि खालच्या तयारीची चूक जास्त असते.

टाचणीएवढ्या छिद्राला जेबी वेल्ड चालेल. पण रेडिएटर रिकामा पाहिजे, कोरडा पाहिजे, रंग आणि गंज काढून चकचकीत धातू दिसला पाहिजे, आणि नुसतं बोट फिरवून नाही, छिद्राच्या चारी बाजूंना इंचभर पसरून लावायचं, मग पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. ते साधं दोन नळ्यांचं, हळू सुकणारं घ्या, पाच मिनिटांत घट्ट होणारं नको. रंग काढताना मात्र कोरडा घासू नका, अमेरिकेत घरगुती रंगात शिसं घालायला १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीच्या घरात रेडिएटरवर शिशाचे पाच-सहा थर असू शकतात, घरात लहान मूल असेल तर तो धुरळा विष आहे. ओलं करून खरवडा आणि फडकी फेकून द्या.

याहून पक्का मार्ग म्हणजे छिद्र थोडं मोठं करून त्याला आटे पाडायचे आणि बारीक पितळी प्लग बसवायचा. हे चांगला प्लंबर अर्ध्या तासात करतो. अट एकच, आजूबाजूचं लोखंड जाड आणि निरोगी पाहिजे. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा, भुसभुशीत लागलं तर छिद्र एक नाही, दिसणारं एक आहे.

पाकळ्यांच्या मधल्या गळतीला मात्र बाहेरून लेप लावून काही होत नाही. मध्ये एक निपल असतो, म्हणजे दोन्हीकडे निमुळतं होत गेलेलं छोटं लोखंडी कडं, ते दोन पाकळ्यांच्या भोकांत दाबून बसवलेलं असतं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या लांब सळया सगळ्यांना आवळून धरतात. वायसर नाही, गॅसकेट नाही, लोखंडात लोखंड. सळयांचे नट किंचित आवळून काही वेळा पाझर थांबतो, मी थांबलेला पाहिलाय. आणि मी सळई तुटलेली पण पाहिलीय, माझ्याच हाताने. इथे आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची गोष्ट, एका म्हाताऱ्या बाईंचा रेडिएटर, पाझर इतका कमी की मी म्हटलं अजून एकच फेरा. सळई गेली, बरोबर कडेच्या पाकळीचा कान घेऊन गेली, आणि जिथे थेंब पडत होता तिथे धार लागली. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त बादली आणून ठेवली. ती बादली अजून आठवते.

तर पाझर फार बारीक असेल, तिथे गंजाची खपली धरत असेल, तर थोडे दिवस नुसतं बघा. बीड स्वतःच्या गंजाने स्वतःचं छिद्र बुजवतं कधीकधी. जुने कारागीर तर हेच मुद्दाम करायचे, लोखंडाचा कीस, नवसागर आणि थोडं गंधक ओलं करून जोडात ठासायचे, ते गंजून फुगायचं आणि जोड कायमचा बंद. नवसागर म्हणजे तोच, कल्हईवाला पातेल्यात टाकायचा आणि पांढरा धूर व्हायचा तो. घरी करायला जाऊ नका, उगाच माहितीसाठी सांगितलं.

थांबलंच नाही तर रेडिएटर काढून, पाकळ्या वेगळ्या करून नवे निपल घालावे लागतात. जुनं भोक कॅलिपरने मोजून त्या मापाचा निपल मागवायचा, अंदाजपंचे चालत नाही.

वेल्डिंगवाला नको. बिडात कार्बन दोन ते चार टक्के, त्याचा बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात, म्हणून ते छान ओतलं जातं पण वाकत नाही, तडकतं. एका जागी एकदम तापवलं की वेल्डच्या बाजूलाच नवीन तडा. फाउंड्रीत आम्ही असा तुकडा आधी सगळा तापवायचो, निकेलच्या रॉडने जोडायचो आणि मग गरम राखेत पुरून ठेवायचो, सावकाश गार व्हायला. तुमच्या बेडरूममध्ये हे कोण करणार?

प्रश्न : न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये भाड्याने राहतो. रेडिएटरच्या कडेला जी हवा सोडायची छोटी चंदेरी शिट्टी (व्हेंट) असते तिच्यातून पाणी उडतं, रात्री पाइप हातोडा मारल्यासारखे वाजतात, खालचे लोक तक्रार करतात की त्यांच्या छताला डाग पडलाय. खोली फार तापते म्हणून मी व्हॉल्व्ह अर्धाच उघडा ठेवतो. घरमालक म्हणतो तुम्हीच बिघडवलं.

उत्तर : घरमालक अर्धा बरोबर आहे राव, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडे एकच पाइप येतो ना रेडिएटरला? मग त्याच पाइपातून वाफ वर येते आणि त्याच पाइपातून पाणी होऊन परत जातं. व्हॉल्व्ह अर्धा उघडा म्हणजे जिन्यात दोघं समोरासमोर, वाफ वर ढकलतेय आणि पाणी खाली जायला बघतंय, मग पाणी आतच तुंबतं, वाफेबरोबर जाऊन पाइपात आदळतं, तो तुमचा हातोडा, आणि उरलेलं शिट्टीतून बाहेर. एका पाइपच्या स्टीमला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही. खोली तापते तर हळू हवा सोडणारी शिट्टी बसवा, किंवा शिट्टीच्या जागी बसणारा थर्मोस्टॅटवाला व्हॉल्व्ह मिळतो.

तरीही पाणी उडालं तर पाणसळ ठेवून बघा, उतार व्हॉल्व्हच्या बाजूला पाहिजे. उलटा असेल तर लांबच्या दोन पायांखाली लाकडी चकत्या. त्यानंतर शिट्टी, ती गार असताना काढून व्हिनेगरमध्ये उकळून बघतात, पण मी म्हणेन नवीनच आणा, फार महाग नसते. आणि एवढं करून सगळ्या बिल्डिंगच्याच शिट्ट्या थुंकत असतील तर तळघरातल्या बॉयलरचा दाब कोणीतरी वाढवून ठेवलाय, ते काम मालकाचं.

हे सगळं करताना घर गार पडलं तर तेही मालकाचंच. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीटिंगचा काळ, दिवसा सकाळी ६ ते रात्री १० बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली असेल तर घरात किमान ६८, आणि रात्री बाहेर काहीही असो, किमान ६२. नसेल तर ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारीच्या नंबरला फोन.

ता. क. त्या शहरात ब्रायंट पार्कसमोर काळ्या विटांची, सोनेरी माथ्याची एक बिल्डिंग आहे, १९२४ ची. ती अमेरिकन रेडिएटर कंपनीने बांधलेली. रेडिएटर विकून गगनचुंबी इमारत उभी करायचे लोक एकेकाळी. पाहुणे आले की दाखवा, फुकट आहे.

प्रश्न : काका, शिकागोजवळ आमचं १९२० च्या दशकातलं घर. भाचीच्या लग्नासाठी डिसेंबरमध्ये पाच आठवडे नाशिकला होतो. गॅसचं बिल वाचवायला हीटिंग बंद करून गेलो. परत आलो, चालू केलं, आणि तासाभरात तीन खोल्यांत पाणी. तीन रेडिएटर उभे चिरलेत. जोडता येतील का?

उत्तर : अरेरे. दर जानेवारीत असं एक तरी पत्र येतं आणि दर वेळी लग्नच असतं.

पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं. स्टील थोडं ताणलं जाईल, तांब्याचा पाइपही फुटायच्या आधी फुगतो, पण बीड ताणत नाही, सरळ फुटतं. आणि बर्फ असेपर्यंत तो बर्फच बूच होऊन बसलेला असतो, म्हणून घरात शिरताना सगळं ठीक दिसतं. तुमची गरम पाण्याची सिस्टीम असणार, तिचे रेडिएटर बारा महिने काठोकाठ भरलेले असतात. स्टीमवाल्यांचं पाणी परत बॉयलरमध्ये उतरतं म्हणून ते यातून बहुधा वाचतात.

आधी बॉयलरला पाणी भरणारा नळ बंद केलात ना? तो उघडा असेल तर तुम्ही पुसताय आणि तो भरतोय. आणि बॉयलर कोरडा पडला असेल, तापलेला असेल, तर त्यात गार पाणी सोडायचं नाही. तापलेल्या बिडाच्या तव्यावर पाणी ओतल्यावर काय होतं ते आईने सांगितलंच असेल, बॉयलर पण बिडाचाच असतो बरेचदा, फक्त किंमत तव्याची नसते.

चिरलेले तीन जोडायच्या मागे लागू नका. दिसणाऱ्या चिरेचा लेप लावाल, आत दुसरी असेल. एखाद्याची फक्त कडेची पाकळी गेली असेल तर ती काढून बाकीचा रेडिएटर वापरता येतो, थोडी ऊब कमी. नाहीतर जुन्या सामानाच्या यार्डात तसेच रेडिएटर मिळतात, लोक फेकून देत असतात. उंची, पाकळ्यांची संख्या आणि दोन पाइपांच्या तोंडामधलं अंतर मोजून न्या. उचलायला चार माणसं आणि हातगाडी, मोठा रेडिएटर दीडशे-दोनशे किलोचा सहज भरतो, कमरेवर प्रयोग नको. बाकीचे, जे गळत नाहीत असं वाटतंय, तेही आठवडाभर रोज बघा.

पुढच्या लग्नाला थर्मोस्टॅट ५५ वर ठेवून जा आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्या.

प्रश्न : लंडनच्या पूर्वेला टेरेस घर (रांगेत एकमेकांना चिकटून असतात तसलं). हौसेने जुन्या सामानाच्या दुकानातून दोन बिडाचे रेडिएटर आणले, त्यावर ‘आयडियल’ असं नाव ओतलेलं आहे. लावल्यापासून कॉम्बी बॉयलरचा (घर तापवणारा आणि नळाला गरम पाणी देणारा एकच) दाब दोन दिवसांत १.५ बारवरून अर्ध्यावर येतो. मी रोज भरतो. आता पाण्यात टाकायची ती गळतीची बाटली टाकू का?

उत्तर : बाटली टाकू नका, निदान आधी नको. ती बुजवते, पण काय बुजवायचं हे तिला कळत नाही, आणि कॉम्बीच्या आतल्या उष्णता देणाऱ्या वाटा अरुंद असतात.

आणि रोज भरणं पण थांबवा. प्रत्येक नवीन पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो आणि लोखंड खातो. थोडं पाणी बाटलीत काढून बघा. काळं असेल तर घाबरू नका, बंद सिस्टीममध्ये ते तसंच होतं. लालसर-तपकिरी असेल तर हवा आत शिरतेय आणि गंज चालू आहे.

तुमच्या रेडिएटरला सळया नसतील तर मधले निपल आट्यांचे असणार, एका बाजूला उजवे आटे आणि दुसऱ्या बाजूला डावे, आतून लांब चावी घालून फिरवली की दोन्ही पाकळ्या एकदम जवळ येतात. मध्ये गॅसकेट असतं आणि ते दुकानात वर्षानुवर्षं कोरडं पडून कडक झालेलं असतं. शिवाय टेम्पोत आडवा टाकून आणला असेल ना? बिडाचा रेडिएटर उभाच न्यायचा, आडवा ठेवला की सगळं वजन जोडांवर येतं आणि ते हलतात. दुकानदाराला विचारा की दाबाची चाचणी केली होती का, केली असेल तर पाण्याने की नुसत्या हवेने. नसेल केली तर परत त्याच्याच गळ्यात घाला, गॅसकेट बदलून चाचणी करून द्यायला सांगा. दुरुस्त होऊन आल्यावर सिस्टीम धुऊन घ्या आणि इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन टाका, ती बाटली चालेल.

आणि एक, त्यावर चंदेरी रंग मारायचा विचार पत्राच्या शेवटी लिहिलाय तो सोडून द्या. ॲल्युमिनियमचा रंग उष्णता कमी फेकतो. साधा कुठलाही रंग मारा, काळाच पाहिजे असं काही नाही, आमच्या घरी तर बायकोने पिवळा मारलाय.